कॅप्सूलमध्ये नेमकं काय होतं? फीव्हरफ्यूची पानं आणि अर्धशिशीच्या चाचण्या

‘अमुक वनस्पतीनं अर्धशिशी थांबते का?’ हा प्रश्न बोलताना अगदी साधा वाटतो. रिसर्च प्रपोजलमध्ये मात्र तो असाच लिहून दिला, तर गाइड पहिल्या वाचनातच लाल रेघ मारतील. कुठली वनस्पती? तिचं पान, मूळ की अर्क? ताजं की वाळवलेलं? किती, कुणाला, किती महिने आणि कशाच्या तुलनेत? यातलं एक उत्तर बदललं की निष्कर्षही बदलू शकतो. हे नुसतं सांगून पटत नाही. म्हणून आज एका पानाची गोष्ट सांगते. या पानाच्या चाचण्या १९८० च्या दशकात सुरू झाल्या, आणि त्यांच्या निष्कर्षांवरचा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही.

हे पान फीव्हरफ्यूचं. शेवंतीच्या कुळातलं हे झुडूप आहे. फुलाला पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळं बटण, पानं उग्र वासाची आणि चवीला कडूजहर. शास्त्रीय नाव टॅनासिटम पार्थेनियम. युरोपात ते परसबागांतून आणि रस्त्याकडेलाही वाढतं. इंग्रजी नावाचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ साधारण ‘ताप पळवणारी’ असा. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसच्या ग्रंथातलं ‘पार्थेनियन’ म्हणजे हेच झाड, असं बरेच जण मानतात. जॉन जेरार्डच्या १५९७ च्या वनस्पतिग्रंथात ते आहे, आणि अठराव्या शतकात जॉन हिल या इंग्रज लेखकानं डोकेदुखीवर त्याची भरभरून शिफारस केली आहे.

इथे एक इशारा देऊन ठेवते, कारण नावाचा घोटाळा आपल्या दारातच होऊ शकतो. आपल्याकडचं गाजरगवत, म्हणजे पुण्यात १९५० च्या दशकात नोंद झालेलं आणि आता देशभर पसरलेलं काँग्रेस गवत, त्याचं शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. अमेरिका खंडात त्यालाही काही ठिकाणी ‘फीव्हरफ्यू’ म्हणतात. कूळ एकच, पण झाडं पूर्ण वेगळी. गाजरगवतातल्या पार्थेनिन या रसायनामुळे शेतकऱ्यांच्या अंगावर पुरळ आणि खाज उठते, हे वेगळं सांगायला नको. इंटरनेटवर ‘पार्थेनियम’ आणि ‘मायग्रेन’ हे दोन शब्द एकत्र दिसले म्हणून कुणी बांधावरचं गवत तोंडात घालू नये.

आता १९७० च्या दशकातल्या ब्रिटनमध्ये जाऊ. अर्धशिशीच्या रुग्णांकडे तेव्हा पर्याय किती होते? एर्गोटामाइन होतं, पण वारंवार घेतलं की त्यानंच डोकेदुखी मागे लागायची. मेथिसर्जाइड झटके टाळायचं, पण दीर्घकाळ घेणाऱ्या काहींच्या पोटात, मूत्रवाहिन्यांभोवती तंतुमय ऊती वाढायची. प्रोप्रॅनोलॉल नुकतं वापरात येत होतं. सुमाट्रिप्टान बाजारात यायला १९९१ उजाडायचं होतं. महिन्यातले चार-पाच दिवस अंधाऱ्या खोलीत काढणाऱ्या माणसानं शेजाऱ्याच्या बागेतलं पान चावून पाहिलं, तर त्यात नवल नाही.

ते पान प्रसिद्ध झालं ते वेल्समधल्या एका गोष्टीमुळे. ही गोष्ट दोन-तीन प्रकारे सांगितली जाते. तिच्यात एक डॉक्टरची बायको कायम असते. ती वर्षानुवर्षं मायग्रेननं हैराण असते. आणि एक कोळसा खाणीतला कामगार कायम असतो. तो सांगतो, रोज ही पानं खा. बाकीचा तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो. इतिहास शिकणाऱ्यांनी अशा बदलांकडे जरूर बघावं. डॉक्टरची बायको आणि खाणकामगार हे दोघे कुठल्याच रूपातून गळत नाहीत, कारण गोष्टीचं वजन त्यांच्यावरच आहे. ज्ञान खालून वर गेलं आणि थेट डॉक्टरच्या घरात मान्य झालं, हे ऐकायला लोकांना आवडतं. वर्तमानपत्रांनी गोष्ट उचलली आणि लोक कुंड्यांमध्ये फीव्हरफ्यू लावू लागले.

या लाटेकडे गांभीर्यानं पाहिलं ते ‘सिटी ऑफ लंडन मायग्रेन क्लिनिक’च्या डॉ. ई. स्टुअर्ट जॉन्सन यांनी. त्यांनी आधी पानं खाणाऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. दीर्घकाळ रोज पानं खाणाऱ्या सुमारे २७० जणांपैकी ७० टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं की झटके कमी झाले किंवा सौम्य झाले. काहींनी तोंडात फोड येत असल्याचंही सांगितलं. आकडा जोरदार आहे ना? पण ज्यांना गुण आला नाही, ते कडू पानं महिनोन्‌महिने कशाला खातील? ते केव्हाच सोडून गेले. प्रश्नावली पोचली ती टिकून राहिलेल्यांकडे. म्हणजे हा आकडा पानांबद्दल थोडं आणि पानं न सोडणाऱ्या माणसांबद्दल बरंच काही सांगतो. आपल्याकडे सुंठीच्या लेपापासून नस्यापर्यंत कुठल्याही उपायाबद्दल ‘आमच्याकडे इतके लोक बरे झाले’ असं कानावर येतं, तेव्हा सोडून गेलेल्यांची वही कुठे आहे, हे विचारायला हरकत नाही.

जॉन्सन यांना हे कळत होतं. म्हणूनच पुढची पायरी, १९८५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलेली चाचणी. (लेखकांच्या यादीत एक कदमही आहेत. मराठी वाचकाची नजर तिथे अडकतेच.) या पेपरवर थोडं थांबूया, कारण त्याची रचना विलक्षण आहे.

चाचणीत फक्त १७ माणसं होती. सगळी आधीपासून रोज फीव्हरफ्यूची ताजी पानं खाणारी. त्यांची पानं बंद केली. ८ जणांना गोठवून वाळवलेल्या पानांच्या पुडीची कॅप्सूल दिली, दिवसाला एकूण ५० मिलिग्रॅम, आणि ९ जणांना तशीच दिसणारी प्लसीबो कॅप्सूल. कोणाला काय मिळतंय ते रुग्णालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. सहा महिने असं चाललं. प्लसीबो गटातले झटके, मळमळ आणि उलट्या लक्षणीय वाढल्या. त्या गटातले दोन जण पानांमुळे पूर्ण बरे होते, त्यांना इतका तीव्र त्रास परत सुरू झाला की चाचणी सोडावी लागली. कॅप्सूलवाल्यांची स्थिती मात्र होती तशीच राहिली.

लक्षात आलं का? इथे औषध देऊन काय होतं हे पाहिलेलं नाही, औषध काढून घेतलं की काय होतं ते पाहिलंय. कारणंही समजण्यासारखी आहेत. ज्याची विषचाचणी झालेली नाही ते पान नव्या रुग्णांना महिनोन्‌महिने देणं नैतिकदृष्ट्या अवघड. जे स्वतःहून खातच आहेत, त्यांच्या बाबतीत ही अडचण राहत नाही. पण या सोयीची किंमत मोजावी लागली. एक तर ही माणसं आधीच गाळून आलेली होती, ज्यांना गुण आला तीच. दुसरं, रोजची गोष्ट अचानक बंद केल्यामुळेच त्रास उसळला असेल तर? जॉन्सन यांनीच आधी नोंदवलं होतं की पानं बंद केल्यावर काहींना अस्वस्थपणा, झोप न लागणं, सांधे आखडणं असले प्रकार होतात. मग प्लसीबो गटातली डोकेदुखी म्हणजे मूळ मायग्रेन परत आलं, की पानं सुटल्याचा तो परिणाम? या रचनेतून ते वेगळं करता येत नाही. आणि तिसरं, वर्षानुवर्षं ते कडू पान चावलेल्या माणसाला कॅप्सूल खरी की खोटी याचा अंदाज येणं अशक्य नव्हतं.

मला हा पेपर आवडतो तो त्याच्या शेवटामुळे. लेखकांनी स्वतःच लिहिलंय की आता पुढच्या चाचण्या पानं कधीच न खाल्लेल्या रुग्णांवर व्हाव्यात, आणि शक्यतो सेस्क्विटर्पीन लॅक्टोन या रसायनगटाचं प्रमाण मोजलेल्या औषधानं व्हाव्यात. पुढच्या तीस वर्षांचं काम या दोन सूचनांमध्ये सापडतं. पेपर वाचताना निष्कर्षाच्या आधी ‘मेथड्स’ वाचा असं आपल्याला शिकवतात, ते बरोबरच आहे. त्यात माझी भर एवढीच की शेवटचा परिच्छेदही सोडू नका. पुढचा रिसर्च क्वेश्चन बऱ्याचदा तिथे फुकट पडलेला असतो.

१९८८ मध्ये नॉटिंगहॅमच्या गटाची चाचणी लॅन्सेटमध्ये आली. हे खरं तर प्लेटलेट्सवर काम करणारे लोक. ते डोकेदुखीकडे कसे वळले? त्या काळात अर्धशिशी हा रक्ताचा, विशेषतः प्लेटलेट्सचा आजार असावा, हे गृहीतक चर्चेत होतं. झटक्याच्या वेळी प्लेटलेट्समधून सेरोटोनिन सुटतं आणि मग पुढचं सगळं घडतं, अशी ती मांडणी होती. फीव्हरफ्यूचा अर्क प्लेटलेट्समधून अशी द्रव्यं सुटणं रोखतो, हे या गटाला परीक्षानळीत दिसलं होतं. म्हणजे पानाचं स्पष्टीकरण त्या वेळच्या सिद्धांताच्या मापानं शिवलं गेलं. पुढे तो सिद्धांत मागे पडला आणि स्पष्टीकरणही त्याच्याबरोबर गेलं, तरी चाचणीचे आकडे जागेवर राहिले.

ही चाचणी रचनेनं पहिलीपेक्षा मजबूत होती. ७२ स्वयंसेवक. प्रत्येकानं चार महिने फीव्हरफ्यू आणि चार महिने प्लसीबो घ्यायचं, क्रम चिठ्ठी टाकावी तसा ठरलेला. कॅप्सूलमध्ये वाळवलेल्या पानांची पूड, सरासरी ८२ मिलिग्रॅम. फीव्हरफ्यूच्या काळात झटक्यांची संख्या सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाली. जादू नव्हे, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

आता बाजार जागा झाला. दुकानांत फीव्हरफ्यूच्या गोळ्या आल्या, आणि त्यांत पानाचा अंश बाटलीगणिक वेगळा निघाला. नॉटिंगहॅमच्याच गटानं १९८६ मध्ये बाजारातल्या गोळ्या तपासून हे दाखवलं होतं. मग मोजायचं काय? पार्थेनोलाइड. हे या पानातलं मुख्य सेस्क्विटर्पीन लॅक्टोन. प्लेटलेट्सवरचा परिणाम याचाच असावा, असं दिसत होतं. कॅनडात वाळवलेल्या पानात ते किमान ०.२ टक्के असावं असा निकष पुढे आला. झालं, प्रश्न सुटला असं वाटावं. पार्थेनोलाइड मोजा, डोस ठरवा.

तेवढ्यात १९९६ ची डच चाचणी आली. ५० रुग्ण, फीव्हरफ्यू आधी कधीच न घेतलेले, म्हणजे १९८५ ची पहिली सूचना तंतोतंत पाळलेली. पानांच्या पुडीऐवजी अल्कोहोलमधला अर्क, पण पार्थेनोलाइड रोज ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे नॉटिंगहॅमच्या कॅप्सूलइतकंच. परिणाम? प्लसीबोपेक्षा काहीही वेगळं नाही.

आमच्या जर्नल क्लबमध्ये या दोन पेपरांवर जी वादावादी झाली, ती मला अजून आठवते. एक बाजू म्हणत होती, डच चाचणी खरी, आधीचा परिणाम आधीच्या वापरकर्त्यांमुळे फुगलेला. दुसरी बाजू म्हणत होती, काम करणारं रसायन पार्थेनोलाइड नाहीच, ते दुसरंच काहीतरी आहे आणि अल्कोहोलमधल्या अर्कात ते आलंच नाही. दोन्ही म्हणणी आकड्यांशी जुळतात, आणि गंमत तीच आहे. ‘फीव्हरफ्यू’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या वस्तू तपासल्या गेल्या होत्या, दोन वेगळ्या प्रकारच्या माणसांवर. दोन गोष्टी एकदम बदलल्या की फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही. बारावीच्या प्रॅक्टिकलमध्ये घोकलेला हा नियम मोठ्या जर्नलांच्या पानांतही मोडलेला दिसतो. डच गटाचा त्यात दोष नाही, नियम मोडला तो दोन चाचण्या शेजारी ठेवणाऱ्या आपल्यासारख्या वाचकांनी.

यानंतर जर्मनीत सूत्र बदललं. पानं गेली, कार्बन डायऑक्साइड वापरून काढलेला एक प्रमाणित अर्क आला, नाव ‘एमआयजी-९९’. २००२ मध्ये १४७ रुग्णांवर त्याचे तीन डोस तपासले, आणि एकूण निकाल नकारार्थी आला. पण महिन्याला किमान चार झटके येणाऱ्या ४९ जणांच्या उपगटात मधला डोस चालल्यासारखा दिसला. वरचा डोस नाही, खालचा नाही, मधलाच! असा उपगट सापडला की संशोधकाच्या तोंडाला पाणी सुटतं. तिथेच थांबून ‘यश’ जाहीर करणारे पेपर पुष्कळ सापडतील. या गटानं मात्र तोच डोस आणि साधारण त्याच प्रकारचे रुग्ण घेऊन नवी चाचणी केली. ती २००५ मध्ये आली, १७० रुग्णांची.

त्या चाचणीचे आकडे वहीत लिहून घ्या. सुरुवातीला महिन्याला सरासरी ४.७६ झटके. अर्क घेणाऱ्यांचे १.९ नं कमी झाले, प्लसीबो घेणाऱ्यांचे १.३ नं. पी-व्हॅल्यू ०.०४५६, म्हणजे ०.०५ च्या उंबरठ्याच्या जेमतेम आत. आता बघा, अर्क घेणाऱ्याला वाटणार की आपले जवळजवळ दोन झटके औषधानं वाचवले. प्रत्यक्षात त्यातले १.३ रिकाम्या कॅप्सूलनंही गेले असते. माणूस चाचणीत नाव नोंदवतो तेव्हा बहुधा त्याचा वाईट काळ चालू असतो, आणि वाईट काळ पुष्कळदा आपोआप ओसरतो. शिवाय डायरी लिहिणं, डॉक्टरांनी विचारपूस करणं, आशा वाटणं, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. अर्काचा स्वतःचा वाटा उरतो ०.६ झटक्यांचा. महिन्याला अर्ध्याहून थोडा जास्त झटका. रोज तीन कॅप्सूल घेण्याइतका तो मोलाचा आहे का, हे ज्याचं डोकं दुखतं त्यानं ठरवायचं. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात सहा चाचण्या आणि ५६१ रुग्ण होते. ही मोठी चाचणी त्यात नव्यानं धरली गेली, तरी एकूण पुराव्याचा दर्जा कमीच ठरला.

एवढ्यावर थांबता आलं असतं, पण याच काळात दुसरी एक वनस्पती फीव्हरफ्यूच्या कितीतरी पुढे निघून गेली होती. बटरबर, शास्त्रीय नाव पेटासाइट्स हायब्रिडस, ओल्या जागी वाढणारी, मोठाल्या पानांची. तिच्या जमिनीतल्या खोडाचा प्रमाणित अर्क ‘पेटाडोलेक्स’ या नावानं जर्मनीत मिळायचा. २००४ च्या २४५ रुग्णांच्या चाचणीत ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेणाऱ्यांचे झटके ४८ टक्क्यांनी कमी झाले, ५० मिलिग्रॅमवाल्यांचे ३६ टक्क्यांनी आणि प्लसीबोवाल्यांचे २६ टक्क्यांनी. डोस वाढला तसा परिणाम वाढला, जे फीव्हरफ्यूला कधी जमलं नव्हतं.

दोन्ही वनस्पतींचं नवं स्पष्टीकरणही एकाच ठिकाणी येऊन मिळालं. फ्लॉरेन्सच्या संशोधकांनी २०१३ मध्ये पार्थेनोलाइड आणि २०१७ मध्ये बटरबरमधलं आयसोपेटासिन, ही दोन्ही रसायनं टीआरपीए-१ नावाच्या वेदनावाहिनीवर काम करतात असं दाखवलं. चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या मज्जातंतूंवर असलेलं हे एक दार. ही रसायनं ते आधी किलकिलं करतात आणि मग बधिर करतात. त्याच दाराचा उलटा पुरावाही आहे. कॅलिफोर्नियातल्या एका तमालवर्गी झाडाला लोक ‘डोकेदुखीचं झाड’ म्हणतात, कारण त्याचा वास घेतला की काहींचं डोकं उठतं. त्यातलं अंबेल्युलोन हे रसायन टीआरपीए-१ जोरात उघडतं, असं निघालं. प्लेटलेट्सच्या गृहीतकाचं जे झालं ते याचंही होणार नाही, याची खात्री आज कोण देईल? पण निदान या वेळी वेदनेच्या जागी जाऊन पाहिलंय.

बटरबरची अडचण दुसरीकडे होती. या झाडात पायरोलिझिडीन अल्कलॉइड्स असतात, आणि ती यकृताला घातक. अर्क काढताना ती वगळता येतात, वगळली जातही होती. तरी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी येत राहिल्या. २०१२ च्या सुरुवातीला ब्रिटनच्या औषध नियामकांनी इशारा देऊन विनापरवाना बटरबर उत्पादनं बाजारातून काढायला सांगितली. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीची मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. तिनं मायग्रेन टाळण्यासाठी बटरबरला ‘ए’ दर्जा दिला, म्हणजे परिणामकारकता सिद्ध. फीव्हरफ्यूच्या एमआयजी-९९ अर्काला ‘बी’, बहुधा परिणामकारक. मॅग्नेशियम आणि बी-२ जीवनसत्त्वालाही ‘बी’.

यात विरोधाभास वाटतो, पण चूक कुणाचीच नाही. मार्गदर्शिकेनं विचारलं होतं ‘चालतं का?’, नियामकांनी विचारलं होतं ‘सोसतं का?’ २४५ जणांच्या चार महिन्यांच्या चाचणीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळू शकतं. काही हजारांत एखाद्याला होणारी यकृताची इजा तिथे दिसण्याची शक्यता फार कमी. नमुना पुरेसा आहे का, हे विचारण्याआधी कशासाठी पुरेसा, हे विचारावं लागतं.

२०१५ मध्ये अकॅडमीनं ती मार्गदर्शिका मागे घेतली. कारण दिलं ते बटरबरच्या सुरक्षिततेचं. पण कागद एकच होता, त्यामुळे मागे घेतला गेला तो अख्खा. फीव्हरफ्यूचा ‘बी’ त्याच्याबरोबर गेला, मॅग्नेशियमचा गेला, बी-२ चाही गेला, आणि यांतल्या कुठल्याच पदार्थाविरुद्ध नवा पुरावा आलेला नव्हता. आजही लेखांत आणि गोळ्यांच्या जाहिरातींत हे दर्जे उद्धृत होतात. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये २०१२ चा हा संदर्भ आला, तर त्याच्या पुढे २०१५ ची नोंद जोडा, आणि कुठल्या पदार्थामुळे तो मागे घेतला तेही लिहा.